बेसा रोडच्या घरात मागे स्विमिंग पूल की बाग? घरात दोन पार्ट्या पडल्यात

बेसाची_सून

नमस्कार मंडळी. बेसा-पिपळा रस्त्याकडे सासऱ्यांनी घेऊन ठेवलेला साडेचार हजार चौरस फुटांचा प्लॉट आहे. दिवाळीनंतर बांधकाम काढतोय. आम्ही दोघं, दीर-जाऊ, सासूबाई आणि दोन्हीकडची मिळून तीन पोरं, सगळे एकत्र राहणार. नकाशा ठरला, ओट्याचं तोंड कुठल्या दिशेला यावरून भांडण झालं आणि मिटलंही. अडलंय ते मागच्या अंगणावर. तिथे साधारण तीस बाय चाळीस फूट जागा मोकळी राहते.

दिरांना तिथे पूल हवाय. वीस बाय दहाचा, चार फूट खोल. त्यांचं म्हणणं, नागपूरच्या उन्हाळ्यात बागेत बसतं कोण? मेमध्ये संध्याकाळी सातलासुद्धा फरशीवर पाय ठेववत नाही. हे काही खोटं नाही. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आम्ही कूलरसमोरून उठून फक्त जेवायला जात होतो.

सासूबाईंना बाग हवीय. प्लॉटवर सासऱ्यांच्या हातचं संत्र्याचं झाड आहे, एक गावठी आंबा आहे आणि एक जुनी विहीर. "पोरं चार वर्षं पोहतील, मग पुण्याला जातील. आंबा कुठे जातो?" असा त्यांचा सवाल. आमचे हे दोघांनाही "बरोबर आहे" म्हणतात. जावेला कपडे वाळत घालायला ऊन लागणारी जागा हवीय. ती कोणाच्याच नकाशात नाही.

मी शाळेत शिकवते. सकाळची शाळा, दुपारी घरी. पूल झाला तर भरदुपारी पोरांवर नजर कोण ठेवणार ते मला आत्ताच दिसतंय. सगळ्यात धाकटी साडेतीन वर्षांची आहे. बाग झाली तर नळी धरून कोण उभं राहणार तेही दिसतंय.

तर कोणाकडे पूल असेल किंवा बाग असेल तर खरं काय ते सांगा. पाणी किती लागतं, रोजचं काम किती, आणि काळ्या मातीत पूल टिकतो का? "दोन्ही करा" म्हणून मोकळे होऊ नका, जागा तेवढीच आहे.

काटोलरोडचा_डॉक्टर

आमच्याकडे पूल आहे, जवळपास तुमच्या मापाचाच. मला तो आवडतो आणि उद्या नवं घर बांधलं तर परत बांधेन, हे आधीच सांगतो. म्हणजे पुढचं वाचताना मी घाबरवतोय असं वाटणार नाही.

पाणी: वीस बाय दहा बाय चार म्हणजे साधारण साडेबावीस हजार लिटर. एकदा भरलं की रोज बदलायचं नसतं. पण आपल्याकडे मेमधल्या कोरड्या वाऱ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं उडून जातं, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे लिटर. त्यात फिल्टर उलटा धुवावा लागतो, तेव्हा काही शे लिटर गटारात. लोक पूल म्हटलं की पाण्याची उधळपट्टी म्हणतात. दोन मोठे कूलर दिवसरात्र चालवणाऱ्यांनी तरी ते म्हणू नये, कूलरही तेवढंच पाणी पितात.

वीज: एक एचपीची मोटर रोज सात-आठ तास. पाच-सहा युनिट धरा. हे हिवाळ्यातही, कारण पाणी थांबलं की हिरवं होतं.

रोजचं काम हीच खरी गोष्ट आहे. क्लोरीन संध्याकाळी टाकायचं, दिवसा टाकलं तर ऊनच ते खाऊन टाकतं. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा. बोअरचं पाणी जड असेल तर टाइल्सवर पांढरा थर बसतो, तो घासायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेजारच्या कडुनिंबाची पानगळ सुरू झाली की सकाळ-संध्याकाळ जाळी मारायची. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एका कपाटात ठेवायचं नाही, एकत्र झालं तर विषारी वायू होतो. हे कामवाल्या माणसाला लिहून द्या, तोंडी सांगून भागत नाही.

वापर: मार्चच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत जोरात. पावसाळ्यात तुरळक. ऑक्टोबर हीटमध्ये परत. दिवाळीनंतर होळीपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघायचं, डिसेंबरात पाय बुडवून दाखवा. आणि मेमध्ये दुपारी कोणी पोहत नाही. डोक्यावर ऊन, काठाला हात लावला तर चटका. वेळ खरी संध्याकाळी सहानंतरची. मी दवाखान्यातून आल्यावर अर्धा तास उतरतो आणि माझा दिवस तिथे संपतो. याची किंमत मी काढत बसत नाही.

लहान मूल असेल तर चारही बाजूंनी किमान चार फुटी जाळी आणि आपोआप बंद होणारं फाटक. घराचं दार थेट पुलावर उघडता कामा नये. मूल बुडतं तेव्हा आरडाओरडा होत नाही, बाजूच्या खोलीतसुद्धा कळत नाही. यावर तडजोड नाही.

गोडलिंब

बाई, मी मनीषनगरात राहते, घरामागे अकराशे फुटाची बाग आहे. आधी तुमच्या दिराचं उत्तर देते. उन्हाळ्यात बागेत कोणी बसत नाही, बरोबर. पण बाग बसून नसते ना बापा! आमच्या पश्चिमेच्या भिंतीवर आधी दुपारभर ऊन पडायचं, रात्री बारालाही हात लावला तर भिंत गरम. तिकडं कडुनिंब अन् शेवगा वाढला तसा त्या खोलीतला कूलर एक नंबरवर आला. माणूस आत पलंगावर लोळून राहिला तरी झाड बाहेर त्याच्यासाठी उभं असते.

पण बाग म्हणजे लॉन समजत असाल तर पूलच बांधा. तुमच्या बाराशे फुटांत लॉन लावलं तर मेमध्ये रोजचं सात-आठशे लिटर पाणी लागेल. डॉक्टर साहेबांच्या पुलापेक्षा चौपट. वरून कापा, खत द्या, अन् एवढं करून मे अखेर ते पिवळंच. झाडं लावा, झुडपं लावा, खाली पालापाचोळ्याचा वीतभर थर टाका. पाणी निम्म्यानं कमी होते.

काय लावायचं ते सांगते. दाराजवळ गोडलिंब अन् लिंबू. पूर्वेला पारिजातक, जास्वंद. मोगरा जिथं सकाळचं ऊन लागते तिथं. सांबार म्हणजे कोथिंबीर, मेथी हिवाळ्यात वाफ्यात करा, उन्हाळ्यात नाद सोडा, जाते ती. कुंड्यांवर मार्चपासून हिरवी जाळी ताणा. आंबा आहे म्हणता, त्याच्याखाली बंगई (झोपाळा) टांगा, तुमच्या सासूबाई तिथून हलणार नाहीत.

संत्र्याच्या झाडाला जपा. काळ्या मातीत पाणी साचलं की बुंध्याला डिंक्या रोग लागतो. खोडाभोवती माती चढवून उंचवटा करा अन् आळं दुहेरी करा, म्हणजे आतलं कडं कोरडं अन् पाणी बाहेरच्या कड्यात. पाणी खोडाला शिवलं नाही पाहिजे. बांधकामवाले त्याच बुंध्याशी सिमेंट कालवतील, तेव्हा आधीच टिनाचे पत्रे लावून झाड झाकून घ्या. अन् नवीन कलम लावायचं झालं तर अमरावती रोडच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून घ्या, रस्त्यावरच्या गाडीवरून नको. बाकी रोपं महाराजबागेकडे मिळतात.

काम आहे, नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात पहाटे उठून पाणी टाकते. मग मच्छर, मग गोगलगाई. बेस्याकडं शेतं आहेत, साप निघेल, धामण असते बहुतेक. अडगळ ठेवू नका.

खर्रा_सोडलेला

पूल बांधा ताई. पत्ता टाका. आम्ही पोट्टे घेऊन येतोच.

बेसाचा_दीर

वहिनी, इथेसुद्धा?

असो, माझी बाजू मीच मांडतो. मला शान मारायची नाही. आमची पोरं मे महिना मोबाइलवर घालवतात, कारण बाहेर जाता येत नाही. पूल असेल तर निदान संध्याकाळी अंग हलेल, पोहणं शिकतील. आईचा आंबा मी तोडा म्हटलेलं नाही, पूल त्याच्या पलीकडे बसतो. आणि वास्तूवाल्यानं सांगितलंय की ईशान्येला पाणी चांगलं, तेव्हा आईनं त्या मुद्द्यावर तरी माझ्या बाजूनं यायला हवं होतं.

गोडलिंब

भाऊ, वीस फुटांत पोहणं शिकत नाहीत. चार हात मारले की भिंत. त्याला डुंबणं म्हणतात. शिकायचं असेल तर अंबाझरी रस्त्यावर नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) जलतरण तलावावर पाठवा, तिथं शिकवणारा असते अन् सोबतीला पन्नास पोट्टे असतात. माझे दोघंही बाहेरच शिकले. घरी बापाने शिकवायला घेतलं असतं तर दोघंही पाण्याला भ्याले असते.

निवृत्त_ठेकेदार

ताई, सगळ्यांनी वरचं सांगितलं. मी खालचं सांगतो. आयुष्य दक्षिण नागपुरात प्लिंथ खोदण्यात गेलं.

तुमच्या भागात वर काळी माती आहे. कुठे तीन फूट, कुठे सहा, खाली मुरूम. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये प्लॉटवर जाऊन बघा, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया आपण मुरमापर्यंत नेतो म्हणून घर टिकतं. पूल मात्र लोक चार-साडेचार फूट खोदतात, म्हणजे नेमका काळ्या मातीत बसवतात. मग माती दर वर्षी त्याला बाजूने दाबते आणि सोडते. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. दोन-तीन उन्हाळे गेले की कोपऱ्यात केसाएवढी चीर, मग पाणी उतरायला लागतं. पाणी उडतंय की झिरपतंय हे सुरुवातीला मालकाला कळतसुद्धा नाही. तपासायची साधी युक्ती: पुलाच्या पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवा, आत आणि बाहेर पातळीवर खूण करा. दोन दिवसांनी बाहेरचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं तर गळती.

यावर उपाय आहे. काळी माती पूर्ण काढायची, बाजूंनीही दीड-दोन फूट जास्त, मुरूम थराथराने टाकून पाणी मारून धुमसायचा, आरसीसीची एकसंध टाकी करायची, वॉटरप्रूफिंग बाहेरून आणि आतून. खर्च वाढतो पण होतं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. रिकामा पूल तरंगतो. जमिनीतलं पाणी वर आलं आणि आत पाणी नसलं की खालून दाब येतो आणि अख्खी टाकी वर उचलली जाते. मी स्वतः पाहिलंय, एका बंगल्यात ऑगस्टात सफाईसाठी पूल रिकामा केला आणि सकाळी एक कोपरा वीतभर वर आला होता. पाइप तुटले, टाइल्स गेल्या. तळाशी दाब सोडणारा व्हॉल्व्ह बसवतात, तोही गाळाने चोंदतो.

म्हणून माझा एकच प्रश्न, आणि त्याच्यावर सगळं ठरेल. तुमच्या प्लॉटवर विहीर आहे म्हणता. भर पावसाळ्यात तिचं पाणी जमिनीपासून किती खाली असतं? कोणा सल्लागाराला पैसे द्यायच्या आधी तिच्यात डोकावून बघा.

बेसाची_सून

काका, तान्ह्या पोळ्याला आम्ही सगळे प्लॉटवर गेलो होतो. पाणी काठापासून दोन-अडीच हातांवर होतं, पोरांनी वाकून आपापले चेहरे पाहिले आणि मी ओरडले. मेमध्ये मात्र पार खाली जातं, पण आटत नाही. शेजारचे शेतकरी म्हणतात आजवर आटलेली पाहिली नाही.

निवृत्त_ठेकेदार

मग जमिनीत पूल बांधू नका.

दोन-अडीच हात म्हणजे तीन-चार फूट. तुमच्या पुलाचा तळ चार फुटांखाली, वर स्लॅबची जाडी. म्हणजे श्रावण-भाद्रपदात तो तळ भूजलात उभा राहणार. खोदतानाच पंप लावून पाणी उपसावं लागेल. बांधता येतो, शहरात बेसमेंटही बांधतातच, पण मग तुम्ही दर पावसाळ्यात त्याची राखण करायची. डॉक्टर साहेबांकडे काटोल रोडला बहुतेक खडक वर असेल, त्यांचं गणित वेगळं.

आणि विहिरीवर आधी जाळीचं झाकण करा. पुलाची चर्चा चालली आहे आणि उघडी विहीर तशीच आहे. हे दिवाळीची वाट न बघता या रविवारी.

काटोलरोडचा_डॉक्टर

हो, आमच्याकडे दोन फुटांवर खडक लागला, ब्रेकर लावावा लागला होता. ठेकेदार काकांशी सहमत. विहिरीच्या झाकणाबद्दल तर दुप्पट सहमत.

बेसाचा_दीर

झाकणाचं माप घ्यायला मी उद्याच जातो. तो विषय संपला.

पुलाचं म्हणाल तर काका, जमिनीच्या वर काही होत नाही का? फुगवायचे पूल मिळतात ते नको. मेमध्ये त्यांचं प्लास्टिक दोन महिन्यांत कडक होऊन फाटतं, ऑफिसमधल्या एकाचं पाहिलं.

निवृत्त_ठेकेदार

होतं की. हौद. जुन्या वाड्यांतून, शेतावर मोटेच्या विहिरीपाशी असायचे तसेच.

दहा बाय सात फूट, आतून अडीच फूट उंच. काळी माती तीन फूट काढून मुरमाचा धुमसलेला ओटा करा, त्यावर हौदाचा तळ जमिनीपेक्षा नऊ इंच वर ठेवा. भिंती आरसीसी, विटांच्या नको. तळाला एका कोपऱ्याकडे उतार आणि तिथे तीन इंची पाइप, बुचासकट. तो कोपरा झाडांकडे. बूच काढलं की पाणी मोटरशिवाय आळ्यांमध्ये जाईल.

पोरांना दीड फूट पाणी पुष्कळ झालं. दहा बाय सात बाय दीड म्हणजे तीन हजार लिटर. विहिरीतून भरा, चौथ्या दिवशी झाडांना सोडा, घासा, परत भरा. रोजचं सरासरी साडेसातशे लिटर होतं, उन्हाळ्यात ते झाडझाडोऱ्याला कामी येईलच. एकच पाणी दोन कामं करतं. क्लोरीन टाकायचं नाही, फिल्टर नाही, मोटर फक्त भरण्यापुरती. साबण-शाम्पू मात्र हौदात बंदी.

गोडलिंब

चौथ्या दिवशी रिकामा करून घासता आहात तर डासाचीही भीती नाही. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठवडाभर तरी लागते. काठाला अंडी चिकटलेली असतात म्हणून घासणं मात्र सोडू नका. पावसाळ्यात बूच काढूनच ठेवा.

अन् डिसेंबरात हौद कोरडा राहील ते संत्र्याच्या पथ्यावरच पडते. आंबिया बहारासाठी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, झाडाला तेव्हा ताणच द्यायचा असते, पाणी तोडायचं असते. जानेवारीत हळूहळू पाणी सुरू करा, एकदम हौद सोडू नका, फूल गळते.

आणखी एक. उरलेल्या जागेत पेव्हर ठोकू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी लोकांच्या घरात शिरलं, ते विसरलो का आपण? मातीला पाणी पिऊ द्या. छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडा. हजार फुटांच्या छपरावर आपल्या पावसात वर्षाला नव्वद हजार लिटरच्या आसपास पडते.

काटोलरोडचा_डॉक्टर

फक्त एक खडूस मुद्दा. दीड फूट पाणी आहे म्हणून साडेतीन वर्षांच्या मुलीला एकटं सोडू नका. त्या वयाला बादलीसुद्धा पुरते. मोठं माणूस काठावर नसेल तर हौद रिकामा, नाहीतर कुलूप लावता येईल अशी लोखंडी जाळी वर. घरात नियम एकच करा आणि तो आजीलाही पाठ असू दे.

बेसाची_सून

हे सगळं रात्री जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाईंनी हौद म्हटल्याबरोबर मान डोलावली, त्यांच्या माहेरी काटोलला होता म्हणे. मग त्यात मासे सोडायचे का असा नवा विषय निघाला, तो मी दाबला. जाऊ म्हणाली, हौदाच्या दक्षिणेला ऊन राहील तिथे दोऱ्या बांधू, म्हणजे ओले टॉवेलही तिथेच. आमचे हे म्हणाले, "बरोबर आहे."

दीर अजून पूर्ण तयार नाहीत. म्हणतात, अडीच फुटांच्या हौदात मी काय करू? शेवटी म्हणाले, काठ बसण्याइतका रुंद करा, मी चहा घेऊन पाय सोडून बसेन, पण वर टाइल्स मी निवडणार. आर्किटेक्टला नवा नकाशा काढायला सांगितलाय. मार्जिनमध्ये, म्हणजे हद्दीलगतच्या मोकळ्या जागेत, काय चालतं, किती अंतर सोडायचं ते तो बघून सांगेल. काका, खड्डा आधी घेऊन बघायचा का?

निवृत्त_ठेकेदार

घ्या. पाऊस उघडल्यावर आठ-दहा दिवस जाऊ द्या, मग तीन बाय तीनचा खड्डा मुरूम लागेपर्यंत. आंब्याच्या फांद्यांच्या घेराबाहेर घ्या, मुळं तुटायला नकोत. माती-मुरमाचे फोटो टाका इथे, किती काढायची ते सांगतो. तीन इंची पाइप आणि झाडांकडची नाली घराच्या प्लिंथसोबतच करून घ्या, नंतर कोणी करत नाही.

काठ पंधरा इंच ठेवा, कडा गोल. दिरांना सांगा टाइल्स निवडा, पण फिकट रंगाच्या आणि खरबरीत घ्या. काळा ग्रॅनाइट घातला तर मेमध्ये चहाच काय, रुमालसुद्धा ठेवता येणार नाही त्यावर.